मोटार चढाला दम का खाते?

या कार्यक्रमात इंजिनाविषयी बोलायचे म्हटले की विहिरीवरचे डिझेल इंजिन, ट्रॅक्टर, नाही तर फवारणी पंप, एवढ्यावरच बोलणे व्हायचे. आज मी लहान मोटारीविषयी बोलणार आहे. कारण आता वस्त्यावस्त्यांवर गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली एखादी जुनी पेट्रोलची मोटार उभी असलेली दिसते. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पण ती आणि तिच्या मागून आलेल्या लहान गाड्या अजून पळताहेत. बाजाराला, बँकेत, दवाखान्यात, पोरीला कॉलेजला सोडायला. यांतल्या पुष्कळ गाड्या दुसऱ्या हाताच्या, काही तिसऱ्याही. आणि त्यांच्याबद्दलची एक तक्रार मी पंचवीस-तीस वर्षे ऐकत आलो आहे: "गाडी चालू होते, सपाटीला बरी चालते, पण पाय दाबला की उचलत नाही."

ही तक्रार वरवर किरकोळ वाटते. म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

माझा चुलत भाऊ ओतूरच्या बाजूला राहतो. गेल्या पावसाळ्यानंतर तो आमच्या काकूला कल्याणच्या दवाखान्यातून घरी आणत होता. मुरबाड, टोकावडे मागे टाकले आणि माळशेज घाट लागला. पुढे वाळूने भरलेला ट्रक. रस्ता मोकळा दिसला म्हणून त्याने गाडी बाहेर काढली, पाय पूर्ण दाबला, आणि ट्रकच्या निम्म्यात आल्यावर गाडीने दम सोडला. इंजिन बंद पडले नाही, पण पायाखाली काही राहिलेच नाही. वरून एसटी येत होती. ट्रकवाला शहाणा, त्याने ब्रेक मारून जागा दिली. एसटीच्या चालकानेही गाडी कडेला घेतली. घरी आल्यावर काकू दोन दिवस बोलली नाही.

गंमत अशी की त्याआधी दीड महिना गाडी हेच सांगत होती. भावाने ती तालुक्याच्या एका गॅरेजात दोनदा दाखवली होती. पहिल्यांदा प्लग बदलले. दुसऱ्यांदा कॉइल बदलली आणि इंजेक्टर धुतले. आठ हजारांच्या वर खर्च झाला. तिसऱ्यांदा त्याला सांगण्यात आले की इंजिन खोलावे लागेल. त्या गॅरेजवाल्याला मी वाईट म्हणत नाही. पण गाडी नेमकी केव्हा दम सोडते, हे त्याने विचारले नाही आणि भावानेही सांगितले नाही. आजच्या बोलण्याचा सगळा मुद्दा या 'केव्हा'मध्ये आहे.

तुमच्या ड्रिपचे उदाहरण घ्या. एक वाल्व उघडला तर पाणी झकास चालते. चारी वाल्व एकदम उघडले की शेवटच्या लॅटरलला थेंब पडत नाही. म्हणून तुम्ही लगेच मोटर बदलता का? नाही. आधी फिल्टर खोलून जाळी बघता. मोटारीचेही तसेच आहे. गाडी उभी राहून नुसती फुरफुरते तेव्हा एक वाल्व उघडा आहे असे समजा. चढ, भरलेली गाडी आणि दाबलेला पाय, म्हणजे चारी वाल्व उघडले. हवा, पेट्रोल, ठिणगी किंवा धूर बाहेर जायची वाट, यांपैकी कुठेही अडचण असेल तर ती तेव्हाच उघडी पडते. म्हणून गॅरेजात उभ्या गाडीचा आवाज ऐकून "इंजिन तर छान आहे" असे कोणी म्हटले तर त्याचा फार उपयोग नाही.

पहिला प्रश्न स्वतःला असा विचारा: इंजिन चढत नाही, का इंजिन चढते पण गाडी पळत नाही? पाय दाबल्यावर इंजिन मोठ्याने ओरडू लागले आणि वेग मात्र तेवढाच राहिला, जोडीला जळका वास आला, तर दोष क्लच प्लेटचा आहे. इंजिनाला हात लावू नका. इंजिनही जड आणि गाडीही जड वाटत असेल तर चाके बघा. पाच-सात किलोमीटर चालवून थांबा आणि चारी चाकांच्या रिमजवळ हात न्या. टेकवू नका, नुसता जवळ न्या. एकच चाक तापले असेल तर त्याचा ब्रेक धरून बसला आहे. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठ-आठ दिवस उभी ठेवली की केबल गंजते आणि मागची चाके सुटत नाहीत. असल्या गाडीचे प्लग कितीही बदला.

आता इंजिन खरोखरच चढत नाही असे धरू.

इथे एक गैरसमज आहे. पाय दाबला की पेट्रोल जास्त सुटते, असे आपण म्हणतो. पेट्रोलच्या गाडीत तो पाय मुळात हवेची झडप उघडतो. हवा जेवढी आत जाईल त्या हिशेबाने जुन्या गाडीत कार्बोरेटर आणि नव्या गाडीत इंजेक्टर पेट्रोल देतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या डोळ्यासमोर आणा. ही सगळी हवा एका कागदी फिल्टरमधून जायची आहे. मळणीच्या दिवसांत खळ्याशेजारी उभी असलेली गाडी, कच्चा रस्ता, वर धुरळा. पुस्तकात लिहिलेल्या अंतराची वाट न बघता आपल्याकडे हा फिल्टर निम्म्या अंतरावर उघडून बघावा.

आणि उघडाल तेव्हा सांभाळून उघडा, आत बिऱ्हाड असू शकते. एका गाडीच्या फिल्टरच्या डब्यातून मी ओंजळभर भुईमुगाची टरफले, बारदानाचा काथ्या आणि उंदराची तीन पिले काढली आहेत. धान्याच्या कोठीशेजारी गाडी उभी राहिली की उंदराला ती ऊबदार जागा आवडते. तो वायरीही कुरतडतो. वेगळे हत्यार न लागता, घरच्या घरी आणि फुकट होणारी ही तपासणी आहे, म्हणून ती सर्वांत आधी.

हवेनंतर ठिणगी. ठिणगीचा दोष गाडी झटक्यांनी सांगते. पाय दाबला की बैलाने जू झटकावे तसे गचके बसतात. सपाटीला ठीक असलेली ठिणगी चढालाच का चुकते? पाय दाबला की सिलिंडरात हवा जास्त भरते, दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडायला विजेचा जोर जास्त लागतो. प्लगचे तोंड झिजून फट वाढलेली असेल किंवा वायरीला चीर गेलेली असेल तर वीज सोपी वाट धरते आणि बाहेरच्या बाहेर उतरते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि हात न लावता नुसते बघा. वायरीवरून निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर चोर सापडला. चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी हाताने धरून ओढण्याची काही जणांना सवय असते. ती सोडा, तो झटका साधा नसतो. प्लग काढाल तेव्हा त्याचे तोंड वाचा. फिकट तपकिरी, बिस्किटासारखा रंग असेल तर तब्येत चांगली. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी किंवा ठिणगी मंद. अगदी पांढरा, भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पोचते आहे.

तिसरी गोष्ट पेट्रोलची, आणि माझ्या अनुभवाने आपल्या भागात सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी गचके देत नाही. ती हळूहळू मरगळते. पाय दाबून धरला की आधी चालते, थोड्या अंतरावर दम संपतो, पाय सैल केला की पुन्हा थोडी सावरते. कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक प्रकार होतो. पाय दाबल्याबरोबर क्षणभर गाडी दचकते आणि मग नीट उचलते. तो बहुधा कार्बोरेटरमधल्या छोट्या पिचकारीचा, म्हणजे ॲक्सिलरेटर पंपाच्या पडद्याचा दोष. पडदा फाटला की पहिली पिचकारी उडत नाही. तेवढ्यासाठी अख्खा कार्बोरेटर बदलायला लावणारे भेटतील. किट बदलून भागते का, ते आधी विचारा.

पेट्रोल बिघडते कसे? आता देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते इथेनॉल तुमच्याच उसातून आणि मक्यातून आलेले आहे, तेव्हा त्याला नावे ठेवायचे मला कारण नाही. पण त्याचा स्वभाव ओळखून असावे. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी एक होऊन तळाशी बसतात, आणि पंप तर तळातूनच ओढतो. जुन्या टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला मळही ते सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येतो. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या या पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या मऊ पडल्या, चिरल्या असतील तर वेळेवर बदला. नुसती ताकद कमी होते म्हणून नव्हे. गळक्या नळीखाली तापलेले इंजिन असते.

गॅसवर, म्हणजे सीएनजीवर चालणारी गाडी असेल तर एक सोपी युक्ती आहे. बटण फिरवून त्याच चढाला पेट्रोलवर चालवून बघा. गॅसवर ताकद थोडी कमी लागतेच, ते गृहीत धरा. पण पेट्रोलवर गाडी ताजीतवानी आणि गॅसवर मेल्यासारखी असेल तर दोष गॅसच्या बाजूला किंवा कमजोर प्लगमध्ये शोधा. दोन्हीवर सारखीच दमत असेल तर हवा आणि धूर बघा. टाकीत झाकण नीट न बसलेल्या कॅनमधले, वर्षभर पडून असलेले पेट्रोल असेल तर मात्र ही परीक्षा फसते.

धुराची वाट म्हणजे सायलेन्सर. तो तुंबला की आत नवी हवा यायला जागाच राहत नाही. नव्या गाड्यांत सायलेन्सरच्या अलीकडे धूर शुद्ध करणारा डबा असतो, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असतात. ठिणगी चुकत असतानाही गाडी तशीच दामटली तर न जळलेले पेट्रोल त्या डब्यात जाऊन पेटते आणि ते पोळे वितळून बसते. मग दोन-तीनशे रुपयांच्या प्लगचा आळस हजारोंच्या घरात जातो. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो. तो नुसता लागून राहिला तर गाडी लवकर दाखवा. तो मिचकावत असेल तर ठिणगी चुकते आहे असे समजून तिथेच पाय सैल करा. आणखी एक, हे खास आपल्यासाठी: हा डबा काही शे अंश तापतो. लांबून आल्यावर गाडी वाळल्या गवतावर, भुश्यावर किंवा कडब्याच्या गंजीला लावून उभी करू नका.

तो पिवळा दिवा लागला असेल तर मिस्त्री यंत्र जोडून आकडा वाचतो. आकडा वाचणे चांगलेच. पण तो आकडा तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. 'पेट्रोल कमी पडते' असा निरोप आला तर त्याला तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप, फाटलेली हवेची नळी, यांपैकी काहीही कारण असेल. निरोप वाचून लगेच सेन्सर बदलणारा आणि पानावर पिवळे डाग दिसताच तीन औषधे एकत्र फवारणारा, दोघे एकाच माळेचे मणी.

एवढे सगळे बघून काही सापडले नाही तर मग सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजायला सांगा, टायमिंगचा पट्टा दात सोडून बसला आहे का ते बघायला सांगा. ही कामे मिस्त्रीची आहेत, आपण त्यात पडू नये.

आणि हो, कधी कधी गाडीत काहीच बिघडलेले नसते. आपल्याला ट्रॅक्टरची सवय. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास आपली ताकद देते. लहान मोटारीच्या ८०० सीसीच्या इंजिनाची ताकद पाच हजार फेऱ्यांच्या पुढे आहे. चौथ्या गियरमध्ये तीसच्या वेगाने, पाच माणसे आणि डिकीत दोन पोती घेऊन, वर एसी लावून चढ चढवायचा, आणि इंजिन ओरडते म्हणून खालचा गियर टाकायचा नाही. तेलपाणी बरोबर असेल तर या इंजिनाला थोडे ओरडू द्यावे, त्याने ते बिघडत नाही. एसी बंद करून, दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये तोच चढ एकदा चढून बघा आणि मग तक्रार करा.

आता भावाच्या गाडीकडे येऊ. मी त्याला म्हटले, "गॅरेजात नंतर जाऊ. आधी वहीत लिही." कांद्याच्या खर्चाची वही असते तशी. चार दिवसांत त्याने लिहिले ते असे: सपाटीला पन्नासच्या वेगाने काही त्रास नाही. चढाला दोन-तीन किलोमीटर बरी जाते, मग मरगळते. गचके नाहीत. कडेला दहा मिनिटे थांबलो की पुन्हा नव्यासारखी. टाकीत पेट्रोल कमी असले की त्रास जास्त. पिवळा दिवा नाही.

ही वही वाचली आणि मला आमच्या विहिरीवरचा फूटव्हॉल्व्ह आठवला. त्याच्या जाळीला पाला चिकटला की पाणी कमी होते. पंप बंद केला की ओढ थांबते आणि पाला खाली पडतो. पुन्हा चालू केला की थोडा वेळ पाणी झकास. इथेही काहीतरी जाळीला चिकटत होते आणि थांबल्यावर सुटत होते.

तरी एक शंका उरली. टाकीला हवा घ्यायची वाट बंद असली तरी असेच होते. आत पोकळी तयार होऊन पेट्रोल येईनासे होते. म्हणून पुढच्या वेळी गाडी मरगळल्यावर तिथेच टाकीचे झाकण उघडून बघायला सांगितले. हवा आत घेतल्याचा सुस्कारा ऐकू आला नाही आणि लगेच निघाल्यावर गाडी सुधारलीही नाही. ती शंका मिटली.

मग दुसऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने उघड्यावर, शेगडी-विडीपासून दूर, पंपाची नळी मापाच्या बरणीत सोडून पंप चालवला. पहिली धार जोरात आली, मिनिटभरात ती बारीक होत गेली. या गाडीत पंप, फिल्टर आणि ओढ घेणारी जाळी सगळे टाकीच्या आत असते. बॅटरी सोडवून पंप बाहेर काढला तेव्हा जाळी काळपट चिखलाने माखलेली होती आणि तिला धाग्यांचा एक झुबका चिकटलेला होता.

धागे कुठून आले? भावजयीने ते बोटात धरून पाहिले आणि म्हणाली, "दादा, ही माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी आहे." गवत कापायच्या यंत्रासाठी पेट्रोल आणलेला कॅन गच्चीवर पडून असायचा. उरलेले पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून भाऊ ते फडक्यातून गाळून मोटारीत ओतायचा. गाळण्यासाठी घेतलेले फडकेच कुजून, धागा-धागा होऊन टाकीत जात होते, आणि सोबत कॅनमधले पाणी आणि गंज.

टाकी काढून धुतली, जाळी आणि फिल्टर नवा टाकला, पंप तोच ठेवला. आधीच्या खर्चाच्या पावपटही पैसे लागले नाहीत. प्लग आणि कॉइल उगाच बदलले याचे भावाला अजून वाईट वाटते. त्यानंतर काकूला फेरतपासणीला कल्याणला न्यायचे होते. येताना मी शेजारी बसलो होतो. घाटात पुढे पुन्हा एक भरलेला ट्रक लागला. भावाने तिसरा गियर टाकला आणि माझ्याकडे बघितले. मागून काकू म्हणाली, "राहू दे रे, जाऊ दे त्याला पुढं." आम्ही वरपर्यंत त्या ट्रकच्या मागेच आलो. गाडी मात्र एकदाही दमली नाही.